पेशंट गेला तरी काहीच वाटत नाही, हा बर्नआउट की मीच निगरगट्ट झाले?

खानापूरची सिस्टर

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी स्टाफ नर्स, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), नऊ वर्षं झाली. बेळगावातलं एक प्रायव्हेट हॉस्पिटल, नाव नको. राहते खानापूरजवळ, रोज बसनं ये-जा.

झालं असं की मागच्या महिन्यात पहाटे साडेतीनला वॉर्डातला एक पेशंट गेला. चंदगडकडचे आजोबा, सहा दिवस होते, मला 'पोरी' म्हणायचे. मुलगा माझा हात धरून रडायला लागला, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवतेय, तोंडानं सगळं बरोबर बोलतेय, आणि डोक्यात काय चाललंय तर बेड आठच्या आत रिकामा व्हायला पाहिजे, मॉनिटरच्या वायरी पुसायच्यात, फाइल पुरी करायचीय, नाहीतर मॉर्निंगवाल्यांची बोलणी खायला लागतात. एवढंच. घरी आले, आंघोळ केली, झोपले. दुपारी उठल्यावर लक्षात आलं की आजोबांचं नावसुद्धा आठवत नाही, बेड नंबर मात्र पाठ.

मी अशी नव्हते हो. लॉकरात कायम भडंगाचं पाकीट असायचं, रात्री लांबून आलेल्या नातेवाइकांना द्यायला, कारण आमचं कँटीन दहाला बंद होतं आणि ती माणसं दोडामार्ग, आजरा, कुठनं कुठनं उपाशी आलेली असतात. आता पण पाकीट असतं, पण ते मीच ड्रेसिंग रूमचं दार लावून खाते, कुणी बघू नये म्हणून.

ड्यूटी म्हणाल तर नाइट रात्री ८ ते सकाळी ८, सलग सात नाइट, मग एक ऑफ. १८-२० पेशंट, मी आणि एक ज्युनियर. त्या ऑफच्या दिवशी पण फोन येतो, "सिस्टर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." हे स्वल्प, म्हणजे 'जरा सांभाळून घ्या', काय संपत नाही. त्यात माझं अजून एक लचांड म्हणजे मला मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरती कोकणी येते. फॉर्म कन्नडात नाहीतर इंग्रजीत, पेशंट निम्मे मराठी, डॉक्टर नवीन आलेले बेंगळुरूकडचे नाहीतर पार बाहेरच्या राज्यातले. म्हणजे कॅज्युअल्टीतनं फोन, आयसीयूतनं फोन, "मराठी बरुत्ता? बन्नी." (मराठी येतं का? या.) मी पळते. कन्सेंट, म्हणजे संमतीचा फॉर्म, समजावून सांगते, वाईट बातमी सांगते (डॉक्टर इंग्रजीत एक वाक्य बोलतो, त्याचं मराठीत रडं मला झेलायचं असतं), परत येते तर माझ्या वॉर्डात दोन सलाइन संपून रक्त उलट चढलेलं. मेमो कुणाला? मला.

सकाळी बसला तिकीट नाही, शक्ती योजनेत कर्नाटकात बायकांना बस फुकट, पण जागा पण नाही. खानापूरपर्यंत दांडीला धरून उभी. घरी फ्रिजचं दार उघडं राहिलं की ते टूं टूं वाजतं ना, मी झोपेतनं उठून कॅन्युला (सलाइनची सुई) शोधते. नवरा हसतो. तो म्हणतो रात्री बसूनच तर असतेस.

प्रश्न एवढाच, हा बर्नआउट म्हणतात तो आहे की आळस, की मी खरंच कोडगी झाले? आणि नोकरी सोडू का? कुणी ह्यातनं गेलं असेल तर सांगा.

---

बाळू वडगाव

सिस्टर राग मानू नका पण टेन्शन कुठल्या कामात नाही ओ. मी पॉवरलूमला बारा तास उभा असतो, खडखडाटानं एक कान गेलाय, आम्हाला कोण बर्नआउट म्हणत नाही, बायको म्हणती झोपा गप. हे इंग्रजी शब्द पगारदार लोकांचे. आणि खरं सांगू काय, हॉस्पिटलात सिस्टर लोक नीट बोलतच नाहीत, पाच वेळा हाक मारली की एकदा येतात. आधी ते बघा.

---

लॅबवाला चिकोडी

बाळूअण्णा, मागाचा धागा तुटला तर तू माग थांबवतोस, गाठ मारतोस, परत चालू. पेशंट थांबवता येतो काय गा? आणि पाच हाका मारल्यावर एकदा येते ती कारण उरलेल्या चार वेळा ती दुसऱ्या चार बेडला असते. वीस पेशंटला दोन माणसं, हिशेब तूच कर, तू तर मीटरवर पैसे मोजणारा माणूस.

मी लॅब टेक्निशियन, आमचं पण तेच आहे पण आमच्याकडं निदान नळी रडत नाही.

---

अर्धवट डॉक्टर

मी सायकियाट्रीचा (मनोविकार) पीजी, म्हणजे पुढचं शिक्षण, दुसरं वर्ष. घर टिळकवाडीत, शिकतो दुसरीकडं. ताई, तुम्ही लिहिलंय ते आमच्या पुस्तकातल्या वर्णनाशी इतकं जुळतं की वाचताना मलाच कसंतरी झालं.

शब्द तसा जुना आहे. १९७४ ला फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पहिल्यांदा तो नीट मांडला. तो न्यूयॉर्कमध्ये एका फुकट दवाखान्यात काम करायचा आणि तिथले जीव ओतून काम करणारे लोकच आधी विझताना त्यानं बघितले, त्यात तो स्वतः पण होता. म्हणजे बाळू, शब्दाचा जन्मच बिनपगारी लोकांत झालाय. मग क्रिस्टिना मास्लॅक, तिनं १९८१ ला मोजायची प्रश्नावली काढली, २२ प्रश्नांची. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, त्यात बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून. तीन गोष्टी बघतात. पार गळून जाणं. कामापासून आणि माणसांपासून मन तुटणं, कडवट होणं. आणि आपल्याच्यानं काही नीट होत नाही असं वाटणं. आजोबांचं नाव विसरून बेड नंबर लक्षात राहणं ही ती दुसरी गोष्ट. तुम्ही कोडग्या नाही, कोडगा माणूस असला प्रश्न टाकायला येत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या व्याख्येत कामाची जागा आहे. म्हणजे 'योगा करा, पॉझिटिव्ह राहा' असं सांगून जे वर्कशॉप घेतात ना (आमच्याकडं पण झालं, ड्यूटी संपल्यावर दोन तास थांबवून घेतलं, विषय होता स्ट्रेस), त्यानं रोस्टर बदलत नाही. मास्लॅक आणि लायटर ह्यांनी कारणं पण मांडलीत, कामाचा बोजा ही त्यातली फक्त एक. बाकी म्हणजे आपल्या कामावर आपला ताबा किती, मोबदला आणि कौतुक, सोबतचे लोक, न्याय होतो का, आणि आपल्याला जे बरोबर वाटतं ते करता येतं का. तुमचं भाषेचं काम बघा, बोजा वाढवतं, ताबा काढून घेतं, त्याचा पैसा नाही, आणि वर मेमो म्हणजे अन्याय. एकाच फोनमध्ये चार बसले.

आता दुसरी बाजू, ही नीट वाचा. बर्नआउट आणि डिप्रेशन शेजारी राहतात. ऑफच्या दिवशी, माहेरी गेल्यावर, लग्नाकार्यात तुम्हाला बरं वाटतं का? हसू येतं का? येत असेल तर प्रश्न बराचसा ड्यूटीचा. तिथं पण काहीच वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर ते वेगळं, त्याला उपचार लागतात आणि उपचारानं बरं वाटतं. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत पण बोलतात आणि कन्नडमध्ये पण. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून बेळगावात दाखवायला नको वाटत असेल तर धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे. आणि त्याआधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. नर्स लोक दिवसाला पन्नास सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) काढतात आणि स्वतःचा तीन वर्षं काढलेला नसतो.

माझं म्हणाल तर काल ३४ तास झाले. निवासी डॉक्टरांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास असा केंद्राचा आदेश १९९२ चा आहे, माझ्या जन्माच्या आधीचा. २०२४ ला मेडिकल कमिशनच्याच टास्क फोर्सनं आठवड्याला ७४ तासांच्या वर नको म्हटलं. ४८ चे ७४ झाले ते पण शिफारस म्हणून, आणि आम्ही त्याच्यावर पण खूश होतो, ही आमची अवस्था. टायपो असतील तर सोडा.

---

जुनी इनचार्ज

बाळ, मी सरकारी नोकरीत ३४ वर्षं काढून निवृत्त झाले, शेवटची अकरा वर्षं इनचार्ज. तेव्हा थोडं स्पष्ट बोलते.

आकडे पाठ करून ठेव. नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबानं टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन पेशंटमागं एक नर्स, साध्या हॉस्पिटलला पाचमागं एक, आयसीयूत एकाला एक, आणि त्याच्यावर तीस टक्के माणसं जादा, कशाला? तर रजेला. म्हणजे कुणीतरी आजारी पडणार, कुणाचं बाळंतपण येणार, हे धरूनच माणसं ठेवायची असतात. ती तीस टक्के माणसं ठेवली नाहीत की मग तुझ्या ऑफच्या दिवशी फोन येतो. ते 'स्वल्प' तिथनं येतं गं. २०१६ ला कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राची समिती पण झाली प्रायव्हेट नर्सांच्या पगारासाठी, ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलात सुद्धा २०,००० च्या खाली नको म्हणून, २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतका. तुला किती मिळतो मी विचारत नाही.

आमच्या वेळी काम कमी होतं असं मी म्हणणार नाही, खोटं आहे ते. पण वॉर्डात मामा-मावशी (वॉर्डबॉय, आया) कायमचे होते. माझ्या वॉर्डात एक मावशी वीस वर्षं होती, पेशंटचा श्वास ऐकून सांगायची, "सिस्टर, ह्याला बघा हो, हा काय बरा दिसत नाही," आणि नऊ वेळा बरोबर निघायचं. आता तिच्या जागी कंत्राटाची पोरं, दर तीन महिन्यांनी नवीन, त्यांना बेडपॅन कुठं ठेवतात ते सांगेपर्यंत ती गेलेली असतात. म्हणून ट्रॉली नर्स ढकलते, सँपल नर्स नेते, औषधाचं इंडेंट (मागणीची चिठ्ठी) नर्स करते. मग लिहायचं दोनदा, एकदा फाइलला, एकदा कॉम्प्युटरला, आणि क्वालिटीच्या ऑडिटची टीम यायची असली की तिसऱ्यांदा. पेशंटच्या अंगाला हात लावायला वेळ उरतो कुठं? आणि नर्सचं समाधान सगळं त्यातच असतं. अंग पुसून, वेणी घालून दिलेली बाई आरशात बघून हसली की दिवसाचं सार्थक व्हायचं. ते काढून घेतलं आणि कागद दिला. त्यामुळं मन सुकतं, माझं तरी असं मत आहे, डॉक्टरांनी पुस्तकातलं सांगितलं ते बरोबरच असेल.

आता काय करायचं. नोकरी सोडू नको, निदान ह्या महिन्यात नको. नाइट करून आलेल्या डोक्यानं कुठलाच निर्णय घ्यायचा नाही, साडी पण घ्यायची नाही. एक काम कर. तुला वॉर्डातनं बाहेर बोलावलं की रिपोर्ट बुकात लिही. वेळ, कुठं बोलावलं, कुणी, किती मिनिटं. भांडायचं नाही, तक्रार करायची नाही, नुसतं लिहायचं. २.१० ते २.३५ आयसीयू, कन्सेंटसाठी मराठी, वॉर्डात ज्युनियर एकटी. बस. सलाइनचा मेमो आला की ते पान दाखवायचं. मॅनेजमेंटला रडणं ऐकू येत नाही, रजिस्टर मात्र वाचता येतं.

आणि नवऱ्याला एकदा रात्री आठला वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर आणून बसव. माझ्या मालकांना मी बसवलं होतं. पहाटे तीनला स्वतः चहा घेऊन आले.

---

निपाणीची आशा

ताई मी आशा कार्यकर्ती, घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणारी, निपाणी भागात. तुमचं वाचून रडू आलं बघा. आम्हाला तर स्टाफ पण कोण म्हणत न्हाई, स्वयंसेविका म्हणत्यात, म्हणून पगार न्हाई, मानधन. २०२५ च्या सुरुवातीला राज्याचं ५००० होतं आणि वर जेवढं काम तेवढा इन्सेंटिव्ह, पण ते काम पोर्टलवर चढलं पायजे. बाळंतपण झालं, बाळ रांगाय लागलं, तरी पोर्टलवर चढत न्हाई. कुणाला इचारलं तर म्हणत्यात वरनं हाय.

हजार माणसामागं एक आशा असं २००५ ला ठरलंय. माझ्याकडं बिडी वळणाऱ्या बायकांची वस्ती हाय, त्या दिवसभर सुपातली पानं सोडून उठत न्हाईत, उठलं की तेवढ्या बिड्या कमी. मग मी रात्री आठला जातो, रक्तदाब बघा, लोहाच्या गोळ्या द्या. (मी 'जातो'च म्हणतो, पुण्याची भावजय हसती, हसू दे.) फॉर्म सगळे कन्नड, घरं सगळी मराठी, मला सही करायपुरतं कन्नड येतंय. माझा पोरगा कन्नड मीडियमला घातलाय, तो रात्री वाचून सांगतो आणि मी लिहितो. सहावीतला पोरगा गरोदर बायकांचे फॉर्म भरतोय. तुमच्याकडं भाषा लई येती म्हणून तरास, माझ्याकडं येत न्हाई म्हणून तरास.

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं आम्हाला मोठं अवॉर्ड दिलं, सगळ्या देशातल्या आशांना. आमच्या सेंटरला फोटो काढला. त्या महिन्याचं मोबाइलचं रिचार्ज माझं मीच मारलं. २०२५ च्या जानेवारीत बेंगलोरला फ्रीडम पार्कात धरणं धरून बसलो थंडीत, सरकारनं १०,००० देतो म्हटल्यावर उठलो.

कंटाळा कामाचा न्हाई येत ताई. रात्री बाईला बाळंतपणाला घेऊन गेलं की तिथला वॉचमन इचारतो, तू कोण? ते लागतं.

---

बाळू वडगाव

मघाशी मी जरा जास्तच बोललो. दिवाळीच्या टायमाला आईला अ‍ॅडमिट केलेलं, तेव्हा मी पण एका सिस्टरवर ओरडलो होतो, सगळ्या वॉर्डासमोर. ती काही बोलली नाही, सलाइन बदलून गेली. लॅबवाल्यानं वीसला दोन म्हटल्यावर ते आठवलं. तिथं पण दोघीच होत्या बहुतेक. मी मोजलं नव्हतं.

---

काउंटर नंबर ३

मी हॉस्पिटलच्या स्कीम डेस्कला बसतो, सरकारी उपचार योजनांचे कागद बघतो. आम्ही सिस्टर पण नाही, डॉक्टर पण नाही, ह्या चर्चेत आम्हाला कोण धरत नाही म्हणून लिहितो.

आमच्या भागाची एक वेगळीच गंमत आहे. पेशंट चंदगडचा, कार्ड महाराष्ट्राचं, हॉस्पिटल कर्नाटकात. महाराष्ट्राची फुले योजना आणि कर्नाटकची आरोग्य कर्नाटक, दोन्हीचे नियम वेगळे, पोर्टल वेगळी. उलटं पण होतं, कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ ला ती योजना जाहीर केली, त्यावरनं दोन्हीकडं राजकारण झालं, आणि माझ्या काउंटरवर म्हातारा पेपरचं कात्रण घेऊन उभा, "ह्यात आमच्या गावाचं नाव आहे की." आहे ओ आजोबा, पण ते ह्या काउंटरला चालत नाही. कर्नाटकचं बीपीएल कार्ड असलं तरी इमर्जन्सी सोडून बऱ्याच ऑपरेशनला आधी सरकारी हॉस्पिटलचं रेफरल लेटर लागतं. एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं) असेल तर पॅकेजच्या तीस टक्केच योजनेतनं, बाकी खिशातनं. हे सगळं मी दिवसाला पन्नास वेळा सांगतो, तीन भाषांत, आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो, की हा माणूस पैसे खाण्यासाठी अडवतोय.

एक बाई होती, मुलाच्या पायाचं ऑपरेशन, लेटर नव्हतं. ती कनवटीचं सोडून काउंटरवर ठेवायला लागली. अंगठीपेक्षा जरा मोठं, मणी ओवलेलं काहीतरी. मी म्हटलं आत ठेवा मावशी, आणि तिला सरकारी हॉस्पिटलला जाऊन लेटर कसं आणायचं ते कागदावर लिहून दिलं, कुठली रिक्षा, कितवा मजला. ती आली परत, चार तासांनी, काम झालं. पण त्या चार तासांत मी अकरा जणांना परत पाठवलं होतं आणि त्यांना काही लिहून दिलं नाही. रात्री डोळ्यासमोर ती अकरा येतात, ती बाई नाही येत.

काय करायला पाहिजे ते माहीत आहे आणि हातात नाही, त्याला पण बर्नआउटच म्हणतात काय?

---

अर्धवट डॉक्टर

काउंटर दादा, त्याला वेगळा शब्द आहे, मॉरल इन्ज्युरी. व्हिएतनामच्या युद्धातनं परत आलेल्या सैनिकांवर काम करताना तो आला, हल्ली दवाखान्यातल्या लोकांसाठी पण वापरतात. मराठीत काय म्हणायचं मला सुचेना, 'मनाला लागणं' फार साधं वाटतं. थकव्याला झोप हा उपाय आहे, ह्याला नाही. बोलणं हा थोडा आहे. तुमच्याकडं आठवड्यातनं एकदा सगळे, म्हणजे सिस्टर, मामा, काउंटर, डॉक्टर, बसून नुसतं काय झालं ते बोलतात का? काही ठिकाणी मृत्यूनंतर असं दहा मिनिटं बसतात. आमच्याकडं नाही, मी मागितलं तर सर म्हणाले वेळ कुठाय.

---

लॅबवाला चिकोडी

मारामारीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुलै २०२० ला बेळगावातच कोविडचा पेशंट गेल्यावर नातेवाइकांनी अँब्युलन्स पेटवली होती, आठवत असेल. माझा मित्र तेव्हा कोविड ड्यूटीला होता, बाहेरनं दगड येत होते आणि आत पीपीई किट घालून घामानं निथळत होता, किट काढावं तर कोविड, न काढावं तर पळता येत नाही. कर्नाटकात २००९ चा कायदा आहे हॉस्पिटलच्या लोकांवर हात टाकला तर, अजामीनपात्र आहे. पण रात्री दोनला वॉर्डात चाळीस माणसं शिरली की कायदा येईपर्यंत सिस्टर एकटीच असते. तो मित्र आता सांकेश्वरला मेडिकल दुकान चालवतो. सुखी आहे म्हणतो. ड्रॉवरमध्ये स्टेथोस्कोप अजून आहे, मी बघितलाय.

सिस्टर, सीबीसी टीएसएच करा, ते डॉक्टर बरोबर बोलले. चिकोडीला आला तर माझ्याकडं फुकट.

---

खानापूरची सिस्टर

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मधे परत नाइट होत्या.

डॉक्टर, माहेरी जत्रेला गेले होते, हसले. भाच्याबरोबर पाळण्यात पण बसले. म्हणजे ड्यूटीचंच असावं. हिमोग्लोबिन ८.९ आलं. नऊ वर्षं लोकांना बीट-खजूर खा सांगतेय. गोळ्या चालू केल्यात, थायरॉइड नॉर्मल.

इनचार्ज काकू, तुम्ही सांगितलं तसं लिहिलं. सात नाइटमध्ये ३१ वेळा बोलावलं. सगळं मिळून नऊ तास वीस मिनिटं. बेरीज दोनदा केली, मला खरं वाटेना, बारा तासांच्या ड्यूटीतली पाऊण ड्यूटीहून जास्त मी भाषांतर केलंय. पाचव्या रात्री आमच्या इनचार्जनं पान बघितलं, म्हणाल्या हे कशाला लिहिलंस? मी म्हटलं असंच, लक्षात राहावं म्हणून. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, मी बघत नाही असं समजून. पुढच्या रोस्टरला सलग सातच्या ठिकाणी चार नाइट पडल्यात. त्यामुळंच की कुणी नवीन आलं म्हणून, माहीत नाही. फोन अजून येतात, पण परवा कॅज्युअल्टीच्या ब्रदरनं फोनवर विचारलं, सिस्टर, हे पण लिहिणार काय? मी म्हटलं, लिहिणार की. तर म्हणाला मग मीच प्रयत्न करतो, त्याला मराठी येतं म्हणे, अनगोळचा आहे! नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

नवरा बाकावर बसायला तयार नाही. बघू. पण नाइटच्या सकाळी स्टँडवर स्कूटर घेऊन येतो आता.

काउंटरवाल्या दादांना विचारायचं होतं, ते रेफरल लेटर कसं आणायचं लिहून दिलेला कागद, त्याचा फोटो इथं टाकाल काय? मराठीत असेल तर मी झेरॉक्स काढून वॉर्डात लावते.